जो भेद धरणीने केला नाही

आपत्ती ही समाजाची परीक्षा असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते खरेही आहे. पण ही परीक्षा एक नसते, दोन असतात. पहिली ढिगाऱ्यापाशी होते. ती काही प्रहरांची, फार तर काही दिवसांची असते आणि निधड्या छातीची माणसे तीत उत्तीर्ण होतात. दुसरी परीक्षा तहसील कचेरीत, नकाशांच्या टेबलावर आणि लाभार्थींच्या याद्यांपुढे होते. ती वर्षानुवर्षे चालते. तेथे धैर्याला न्यायबुद्धीची जोड नसेल, तर पहिल्या परीक्षेत मिळविलेले पुण्य दुसरीत वाहून जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांवर कोसळलेल्या भूकंपाने महाराष्ट्राला या दोन्ही परीक्षांना बसविले. पहिलीत समाज असा उत्तीर्ण झाला की, त्याची आठवण आजही ऊर भरून आणते. दुसरीचा निकाल मात्र संमिश्र लागला आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तीन दशके उलटून गेल्यावर ते बोलणे आवश्यक आहे. ज्या मापाने तेव्हा चूक झाली, ते माप महाराष्ट्राने अद्याप टाकलेले नाही.

भक्कम घरांनी केलेला घात

गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि काही क्षणांत तेरणाकाठची गावेच्या गावे मातीला मिळाली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, नांदुर्गा, तळणी, एकोंडी, गुबाळ, पेठसांगवी, होळी, राजेगाव ही नावे त्या दिवसापर्यंत तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. सरकारी मोजणीनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. इतर अंदाज हा आकडा दहा हजारांच्या घरात नेतात. जखमींची संख्या सोळा हजारांच्या आसपास होती.

भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी होती. सहा ते सात या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी शंभराच्या आसपास होतात आणि त्यांतील बहुतेकांत एवढी जीवितहानी होत नाही. मग मराठवाड्यातच हा संहार का झाला? तज्ज्ञांनी दिलेले उत्तर साधे आणि जीवघेणे आहे. माणसांना भूकंपाने मारले नाही, घरांनी मारले. दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड भिंती, त्यांत काळे ओबडधोबड दगड आणि चुन्या-सिमेंटऐवजी मातीचा गारा. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू स्वतंत्रपणे रचलेली, मध्ये खडी-मातीची भर आणि दोन्ही बाजूंना सांधणारे आरपार दगड जवळजवळ नाहीतच. वर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर पसरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर त्या पहाटे आपल्याच माणसांवर कोसळले. अनेक ठिकाणी खण पेलणारे लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. भिंती मात्र फुटल्या आणि झोपलेल्यांवर आल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऐपत जितकी अधिक, तितकी भिंत जाड आणि माळवद जड. उलट, गावाच्या कडेला कुडाच्या भिंती आणि गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर यांखाली राहणारी कुटुंबे तुलनेने बचावली. जन्मभर ज्या दारिद्र्याने त्यांना गावाच्या टोकाला ठेवले होते, त्याच दारिद्र्याने त्या पहाटे त्यांचे प्राण राखले. ज्याचा वाडा मोठा, त्याच्या दारात प्रेते अधिक, असा उफराटा न्याय तेरणाकाठाने पाहिला.

पूर्वसूचनाही मिळाली होती. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसराला वारंवार लहान-मोठे धक्के बसत होते आणि लोक भयभीत झाले होते. परंतु देशाच्या भूकंपविषयक नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात मोडत होता. कागदावर जो धोका नाही, तो जमिनीतही नाही, असे समजण्याची शासनयंत्रणेला सवय असते. पुढे २००२ साली तो नकाशा सुधारण्यात आला. पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशा दुरुस्त व्हायला हजारो चिता पेटाव्या लागल्या, ही या कथेतील पहिली अन्यायाची नोंद.

पहिल्या दिवसांचे धैर्य

भूकंपानंतरच्या पहिल्या प्रहरांत तेथे ना लष्कर होते, ना यंत्रे, ना प्रसारमाध्यमांचे कॅमेरे. जे वाचले होते, तेच उरलेल्यांना उपसत होते. कुदळ, फावडे, टिकाव जे हाती लागले ते घेऊन आणि काहीच न लागले तर नुसत्या हातांनी दगड दूर सारले जात होते. ज्यांची छपरे हलकी म्हणून ज्यांचे हात मोकळे होते, ते धावले नसते, तर मृतांचा आकडा कुठे गेला असता? ढिगाऱ्याखालून येणारा आवाज कोणाचा आहे, तो पाटलाच्या वाड्यातला आहे की वेशीपलीकडल्या वस्तीतला, हे विचारायला कोणी थांबले नाही. कण्हण्याला जात नसते, हे एरवी भाषणात सांगावे लागते. त्या पहाटे ते सांगावे लागले नाही.

मग मदतीचा ओघ सुरू झाला. लष्कराच्या तुकड्या आल्या. पाऊस कोसळत होता, चिखलात वाहने रुतत होती, आणि अंगावर शहारे आणणाऱ्या दुर्गंधीत जवान काम करीत होते. चार दिवसांहून अधिक काळ ढिगाऱ्याखाली राहिलेली एक तान्ही मुलगी एका लष्करी अधिकाऱ्याच्या चिकाटीमुळे जिवंत बाहेर निघाली, तेव्हा मृत्यूने वेढलेल्या त्या प्रदेशाला क्षणभर श्वास घेता आला. लातूर, सोलापूर, नांदेड, बीड येथून आणि त्याही पलीकडून स्वयंसेवक पोहोचले. सर्वांत अवघड काम होते प्रेतांचे. सरपणाचा तुटवडा पडला, म्हणून पडलेल्या घरांच्या तुळया आणि फळ्याच सरणाला लागल्या. ज्या तुळईखाली कुटुंब नांदले, तिच्यावरच त्याला अग्नी देण्यात आला. एकाच चितेवर अनेक देह ठेवावे लागले. ती राख एक झाली. जिवंतपणी ज्यांची स्मशाने वेगळी होती, त्यांचा शेवटचा प्रवास त्या आठवड्यात एकत्र झाला.

लातूर शहरातील विवेकानंद रुग्णालय १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले होते. संघसंस्कारांतून उभे राहिलेले हे रुग्णालय किल्लारीपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. त्या दिवसांत ते जखमींचा मोठा आधार बनले. अशी केंद्रे आपत्तीच्या दिवशी उभी राहत नाहीत. आधीची पाव शतकाची निष्ठा त्या दिवशी कामी येते.

चांगुलपणाबरोबर ओंगळपणाही तेथे पोहोचला, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. बघ्यांच्या झुंडींनी रस्ते अडले. भुरट्या चोरांनी ढिगाऱ्यांतून दागिने आणि भांडी पळविली. अखेर पोलिसांना गावे वेढून ठेवावी लागली. परंतु अशांची संख्या मूठभर होती. गावोगावच्या चुलींवर भाकऱ्या थापून पाठविणाऱ्या माउल्या असंख्य होत्या.

धावपळ संपल्यावर राहिलेले

मदतीची वाहने परत जातात, तेव्हा खरे काम सुरू होते. तेरणाकाठ त्या बाबतीत भाग्यवान ठरला. १९७२ च्या दुष्काळात स्थापन झालेल्या रा. स्व. संघ जनकल्याण समितीने भूकंपग्रस्तांच्या मुलांचा विचार करून लातूरजवळ हरंगुळ येथे निवासी विद्यालय उभे केले. ज्ञान प्रबोधिनीने हराळी येथे मुक्काम ठोकून शिक्षणाचे आणि ग्रामविकासाचे काम रुजविले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतील पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्ग येथे अनाथ मुलांसाठी 'आपलं घर' उभे राहिले. विचार भिन्न, झेंडे भिन्न. पण अनाथ मुलाच्या डोक्यावर हात ठेवताना ही भिन्नता आडवी आली नाही. संघाचे नाव येताच लेखणी आखडती घेणाऱ्या वृत्तपत्रांना हे औदार्य जमले नाही, ती गोष्ट वेगळी.

सेवेविषयी एक कसोटी नेहमी सांगितली जाते. मदतीच्या पुडक्यात श्रद्धा बदलण्याची अट बांधलेली असेल, तर ती सेवा नव्हे, सौदा असतो. ही कसोटी योग्यच आहे. मात्र तीच कसोटी स्वतःच्या समाजालाही लावली पाहिजे. मदत घेणाऱ्याचा धर्म पाहणे जर पाप असेल, तर त्याची जात पाहणे किंवा त्याचा सातबारा पाहून त्याचे माणूसपण मोजणे हे पुण्य कसे ठरेल? या प्रश्नापाशी आल्यावर किल्लारीच्या कथेची दुसरी बाजू उघडते.

अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे

जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले; तेरा जिल्ह्यांतील सुमारे अडीच हजार गावांत घरांच्या दुरुस्तीची आणि मजबुतीकरणाची कामे झाली. शासनाने दाखविलेली तत्परता, अधिकाऱ्यांनी उपसलेले कष्ट आणि कामाचा आवाका यांविषयी आदरच बाळगला पाहिजे. देशात तोपर्यंत एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम क्वचितच झाले होते.

पण नव्या गावांतील घरांचे माप कशावरून ठरले? कुटुंबात माणसे किती, यावरून नाही. कोणाचे नुकसान किती, यावरूनही नाही. ते ठरले जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फुटांचे घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४५० चौरस फुटांचे. सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे.

भूमिहीन कोण होता, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. जमिनीची वाटणी शतकानुशतके जातीच्या उतरंडीनुसार झालेली असताना जमिनीवरून घर ठरविणे म्हणजे जातीचे नाव न घेता जातीवरून घर ठरविणे होय. शासनाच्या कागदावर जातीचा उल्लेखही नव्हता आणि कोणा अधिकाऱ्याच्या मनात तसा हेतू होता, असे म्हणण्याचे कारण नाही. पण हेतू निर्मळ असला म्हणून परिणाम न्याय्य होतोच, असे नाही. एकाच मापाची घरे एकत्र बांधणे सोयीचे, म्हणून अनेक नव्या गावांत मोठ्या घरांची आळी एकीकडे आणि अडीचशे फुटांची दुसरीकडे अशी रचना झाली. धरणीकंपाने गावकूस पाडले होते. पुनर्वसनाने ते सिमेंटमध्ये पुन्हा बांधले.

या धोरणाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. बागाईतदाराला बैलजोडी, अवजारे, बी-बियाणे आणि धान्य ठेवायला जागा हवी, म्हणून त्याला मोठे घर. शिवाय, त्याचा वाडा गेला, मजुराची झोपडी गेली. मजुराला तर पूर्वीपेक्षा पक्के घर मिळाले, मग तक्रार कसली? यातील पहिला मुद्दा गोठ्याचा आणि कोठाराचा आहे. गोठा आणि कोठार वेगळे देता आले असते. माणसांच्या राहण्याची जागा त्यासाठी मोठी-लहान करण्याचे कारण नव्हते. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. झोपडीच्या जागी पक्के घर मिळाले, हे खरे. पण ते घर शासन देत होते, सार्वजनिक पैशातून देत होते आणि ज्या कर्जातून देत होते, ते कर्ज फेडणाऱ्यांत मजूरही होता. राज्यसंस्था जेव्हा स्वतःच्या हाताने वाटप करते, तेव्हा तिने जुन्या विषमतेची मोजपट्टी वापरायची असते काय? सात माणसांच्या मजूर कुटुंबाला अडीचशे चौरस फूट आणि चार माणसांच्या जमीनदार कुटुंबाला साडेसातशे, हा हिशेब कोणत्या धर्मशास्त्रात, कोणत्या राज्यघटनेत बसतो?

मोठ्या शेतकऱ्यालाही या पुनर्वसनाने सुखी केले, असे नाही. ज्याच्या वाड्यात पिढ्या नांदल्या, त्याला साडेसातशे फुटांत बसविले गेले. नव्या वसाहती ऐसपैस, सरळ रेषेत आखलेल्या आणि शेतांपासून दूर गेल्या. पार, वेस, अंगण आणि गल्लीतले चालते-बोलते शेजारपण विरळ झाले. नव्या घराच्या छपराखाली झोपण्याचे भय वाटून कित्येकांनी शेजारी पत्र्याची शेड ठोकली आणि तिच्यातच संसार केला. घर कसे हवे, हे त्या घरात राहणाऱ्याला विचारावे, ही साधी गोष्ट होती. पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा बहुतांश ठिकाणी घरबांधणीची मदत घरमालकाच्याच हाती देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. किल्लारीने मोजलेल्या किमतीचा लाभ कच्छला मिळाला, एवढे समाधान मानता येते.

संवाद साधणाऱ्या स्त्रिया

याद्या कुटुंबप्रमुखाच्या नावाने होतात आणि जमिनीच्या उताऱ्यावर स्त्रीचे नाव क्वचित असते. त्यामुळे जिचा नवरा गेला किंवा जी आधीच टाकलेली होती, तिचे स्थान यादीत कुठे? हा प्रश्न तेरणाकाठच्या शेकडो घरांत उभा होता. त्यावर उत्तर शोधण्यात स्त्रियाच पुढे आल्या. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांच्या प्रयत्नांतून दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावी स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. चार भिंतींबाहेर न पडलेल्या या स्त्रियांनी भूकंपरोधक बांधकाम म्हणजे काय ते समजून घेतले, शेजाऱ्यांना समजावले आणि गवंड्याचे काम तपासून निकृष्ट बांधकाम थांबविले. त्यांच्यातल्या काही जणी पुढे कच्छच्या भूकंपग्रस्त भगिनींना धीर द्यायला गेल्या. ढिगारा उपसण्याचे धैर्य जितके मोठे, तितकेच कंत्राटदाराला 'हे चालणार नाही' असे सुनावण्याचेही मोठे. पहिल्या धैर्याची छायाचित्रे निघतात. दुसऱ्याची निघत नाहीत.

मराठवाड्याची जुनी जखम

हे सारे ज्या भूमीत घडले, तिचा त्याआधीचा इतिहास विसरता येत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबे परागंदा झाली. ती आग धरणीने लावली नव्हती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. म्हणजे भूकंपानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी. एकीकडे तेरणाकाठी नव्या गावांचे आराखडे आखले जात होते आणि दुसरीकडे सोळा वर्षे धुमसणाऱ्या प्रश्नावर तोडगा निघत होता. इतिहासाने त्या काही महिन्यांत मराठवाड्याला नव्याने मांडणी करण्याची संधी दिली होती. गावेच नव्याने वसवायची होती, मग वस्ती जुन्याच रेषांवर का आखावी? एकाच गावात मिसळलेली घरे, एकच पाणवठा, एकच स्मशान, एकच मंदिर हे सर्व पहिल्याच दिवशी आखता आले असते. अशी संधी कोणत्याही समाजाला शतकातून एखाद्या वेळी मिळते आणि तीही फार मोठी किंमत मोजून.

संघकार्यकर्त्यांना ही भाषा नवी नाही. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी, अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, अशा आशयाचे निःसंदिग्ध प्रतिपादन केले होते. १९८३ मध्ये दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंचपरिवर्तनात समरसतेला अग्रस्थान आहे. तथापि, समरसता ही केवळ सहभोजनापुरती आणि उत्सवापुरती राहिली, तर ती कच्च्या गाऱ्याच्या भिंतीसारखी होईल. बाहेरून जाडजूड दिसेल, परंतु आतल्या आणि बाहेरच्या दगडांना सांधणारा आरपार दगड तिच्यात नसेल. पहिला धक्का बसताच तिची दोन्ही अंगे सुटी होतील. समाजाच्या भिंतीतला तो आरपार दगड म्हणजे न्याय.

'संकटाच्या काळात जातीचा विषय कशाला काढायचा? त्याने समाज फुटेल,' असे काही सज्जन कळकळीने म्हणतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण समाज अन्यायाच्या उच्चाराने फुटत नाही, अन्याय मुकाट्याने सोसायला लावल्याने फुटतो. राज्यघटना स्वीकारली जात असताना, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. आंबेडकरांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातील विसंगतीकडे लक्ष वेधून इशारा दिला होता. तो इशारा राष्ट्राच्या हितासाठीच होता. ज्याला राष्ट्र एकसंध हवे आहे, त्याने तो इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यायला हवा.

माप तेच राहिले

हा सारा भूतकाळ झाला, असे म्हणून पान उलटता आले असते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर आणि सोलापूर जिल्ह्यावर अतिवृष्टीचे आणि महापुराचे संकट कोसळले. सीनाकाठची गावे पाण्याखाली गेली, भूम-परंड्यात हेलिकॉप्टरने माणसे उचलावी लागली, उभी पिके सडली आणि शेतातली मातीच वाहून गेली. पुन्हा तेच धैर्य दिसले. तरुण पाण्यात उतरले, अन्नछत्रे उघडली, जवानांनी जिवाची बाजी लावली. शासनाने मदतही जाहीर केली आणि पिकांच्या नुकसानीची मर्यादा दोन हेक्टरांवरून तीन हेक्टरांपर्यंत वाढविली. शेतकरी खचला होता. त्याला ही मदत मिळायलाच हवी होती, किंबहुना अधिक मिळायला हवी होती.

परंतु पिकाची मदत हेक्टरी दराने आणि सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. बटाईने शेत कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याच शेतात सोयाबीन काढून दिवाळीचा खर्च भागविणाऱ्या मजूर स्त्रीचा हंगाम बुडाला, तर त्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा होत नाही. घर पडले, जनावर दगावले तर काही मिळते. कामच वाहून गेले, तर त्याला सरकारी रकाना नाही. १९९३ साली घराचे माप जमिनीवरून ठरले, २०२५ साली दुःखाचे मापही जमिनीवरूनच ठरले.

दुसरीकडे, आपत्तीचा शिक्का हाच काहींना मिळकतीचा मार्ग वाटतो. भूकंपग्रस्तांसाठी नोकरभरतीत समांतर आरक्षण ठेवले गेले, ते योग्यच होते. पण त्याच्या लाभासाठी बनावट भूकंपग्रस्त प्रमाणपत्रे मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली. असे प्रत्येक खोटे प्रमाणपत्र एका खऱ्या भूकंपग्रस्ताच्या ताटातला घास काढून घेते. ढिगाऱ्यातून दागिने चोरणारा आणि असे प्रमाणपत्र मिळविणारा यांच्यात फरक एवढाच की, दुसऱ्याचे कपडे स्वच्छ असतात.

पुढची सेवा

मग करायचे काय? शासनाने करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. घर देताना माप कुटुंबातील माणसांवरून ठरवावे. नव्या गावाचा आराखडा ग्रामसभेसमोर, सर्व वस्त्यांच्या प्रतिनिधींसमोर मांडावा आणि घरांची मापे किंवा जाती यांवरून आळ्या वेगळ्या करू नयेत. बुडालेल्या रोजगाराची नोंद पंचनाम्यात व्हावी. बटाईदाराला आणि घर चालविणाऱ्या एकट्या स्त्रीला यादीत स्वतंत्र स्थान मिळावे. यात अशक्य काही नाही; त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल आणि तो वाढविण्याची इच्छा लागेल.

सेवाकार्य करणाऱ्यांवर मात्र याहून मोठी जबाबदारी आहे. आपत्तीच्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणे, ही स्वयंसेवकाची ओळख आहे आणि ती कष्टाने मिळविलेली आहे. आता सर्वांत शेवटी निघणे, हीही त्याची ओळख व्हावी. तलाठी याद्या करील तेव्हा तो तेथे असावा. गावाच्या टोकाच्या वस्तीतले नाव राहून गेले, तर ते लिहून घेण्यासाठी तो अडून बसावा. मदत वाटण्याची रांग लावताना ती कोणत्या टोकापासून सुरू होते, याकडे त्याचे लक्ष असावे. गावातल्या वजनदार माणसांना ते रुचणार नाही, कदाचित संघटनेच्या हितचिंतकांतल्याही काहींना रुचणार नाही. तेथेच त्याची परीक्षा आहे. प्रेत खांद्यावर घेताना लागणारे धैर्य सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्याच ओळखीच्या माणसासमोर यादी दुरुस्त करा म्हणण्याचे धैर्य अजून पुरेसे दिसलेले नाही.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. पहिल्या चितेच्या वेळी जी मुले अजाण होती, ती आज संसारी झाली आहेत आणि त्यांच्या मुलांना तो दिवस केवळ ऐकून ठाऊक आहे. त्या मुलांना सांगताना भूकंपाची तीव्रता आणि मृतांचा आकडा सांगितला जाईल. त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, त्या पहाटे तेरणाकाठचा समाज काही दिवस खरोखर एक झाला होता आणि नंतर मोजपट्टी घेऊन आलेल्या माणसांनी त्याला पुन्हा तीन मापांत बसविले. पुढच्या आपत्तीत ती मोजपट्टी काढून टाकण्याचे काम आता त्याच मुलांच्या पिढीकडे आले आहे.